प्लेगने घडवलेली मुंबई

#थ्रेड

१/ सप्टेंबर १८९६. मांडवी बंदरालगतच्या दाट वस्तीत पसरलेल्या तापाचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी निदान केले : ग्रंथिक प्लेग. पाहता पाहता लाखो लोकांनी मुंबई सोडली. या साथीने शहराचा नकाशा आणि राजकारण दोन्ही कसे बदलले, ते पाहू.

२/ १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. एरवी सतत वाढणाऱ्या या गिरणीनगरीला लागलेली ही ओहोटी होती.

३/ उंदरांवरील पिसवा प्लेग पसरवतात, हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. अधिकाऱ्यांचा रोख अस्वच्छता, कोंदट हवा आणि ओलसर खोल्यांवर होता. साहजिकच संशयाची सुई गरिबांच्या वस्तीकडे वळली. घरझडती, सक्तीने रुग्णालयात नेणे, कुटुंबीयांना विलग ठेवणे हे उपाय सुरू झाले.

४/ प्रतिकारही झाला. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातील जुलाहा विणकरांनी एका आजारी मुलीच्या तपासणीस विरोध केला आणि त्यातून दंगल उसळली. लोकांचा रोष औषधापेक्षा उंबरठा ओलांडणाऱ्या सत्तेवर होता.

५/ १८९८ मध्येच बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. शहर सुधारण्याचे हे काम महापालिकेकडे न सोपवता स्वतंत्र मंडळाकडे दिले गेले. पोर्ट ट्रस्ट, चेंबर ऑफ कॉमर्स आणि गिरणीमालक यांना त्यात प्रतिनिधित्व होते; ज्यांची घरे पडणार होती, त्या भाडेकरूंना नव्हते.

६/ सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट हे रुंद रस्ते जुन्या वस्त्या कापून काढले गेले. पहिल्या दशकात ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या, त्याहून कितीतरी कमी बांधल्या. विस्थापित माणसे जवळच्याच चाळींत दाटीने राहू लागली. दाटी हटवण्यासाठी जन्मलेल्या संस्थेने ती दाटी शेजारच्या गल्लीत ढकलली!

७/ तरीही कथा एवढ्यावर संपत नाही. ट्रस्टने बांधलेल्या परळच्या चाळीत १९१२ पासून सुमारे दोन दशके डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वास्तव्य होते. १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ चा महाडचा सत्याग्रह, हे सारे याच काळातले. पुढे ते ‘राजगृहा’त राहावयास गेले. ते दादरच्या हिंदू कॉलनीत आहे, आणि ही कॉलनीही ट्रस्टच्याच दादर-माटुंगा योजनेतली.

८/ रोगाच्या भीतीपोटी आखलेल्या चाळींत नागरी हक्कांचे राजकारण रुजले. ट्रस्टच्या नकाशात त्याची आखणी नव्हती. म्हणून शहराच्या ‘सुधारणे’चा इतिहास वाचताना दोन प्रश्न सोबत ठेवावेत : निर्णय कोणी घेतला, आणि घर कोणाचे पडले?

आपल्या घरी बीआयटी चाळींच्या आठवणी असतील, तर अवश्य लिहा.

(समाप्त)