पाच डॉलरांचे पालकत्व

माझे वडील पुण्यात वार लावून शिकले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे जेवण. त्या घरांविषयी ते अखेरपर्यंत कृतज्ञतेने बोलत. पण पानावर बसताना आलेला ओशाळेपणाही त्यांना कधी विसरता आला नाही. परक्या मुलाचा भार उचलणाऱ्यांचा इतिहास वाचताना मला वडिलांची ही दुहेरी आठवण सारखी सोबत करीत असते.

वार लावणाऱ्या घरात निदान यजमान आणि विद्यार्थी एकमेकांना पाहत तरी. समुद्रापलीकडच्या, कधी दृष्टीस न पडलेल्या मुलाचे पालकत्व घेणे हा प्रकार त्याहून निराळा. ह्याची पूर्वछाया आपल्याकडेही सापडते. १८८७ साली बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या 'अमेरिकन रमाबाई असोसिएशन'ने पंडिता रमाबाईंच्या शाळेला दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले. गावोगाव 'रमाबाई मंडळे' निघाली आणि सभासद वर्षाला एखादा डॉलर देऊ लागले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' उघडले. शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही, असा संकेत होता. परंतु मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे वळतो आहे, ह्यावरून वाद पेटला आणि १८९३ मध्ये रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. उपाशी मुलाला घास देताना देणाऱ्याने आपली श्रद्धा उंबऱ्याबाहेर ठेवावी की नाही, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही.

ही मदत संस्थेला होती. एका दात्याने एका नावाच्या मुलाला पोसावे, ही रीत विसाव्या शतकातील युद्धांनी रुजवली. चीन-जपान युद्धाच्या होरपळीत १९३८ साली व्हर्जिनियातील रिचमंड येथे कॅल्व्हिट क्लार्क ह्या प्रेस्बिटेरियन पाद्र्याने 'चायनाज चिल्ड्रन फंड' काढला. पण ह्या इतिहासातली सर्वांत बोलकी कथा बॉब पिअर्सची.

१९४७ साली हा तरुण प्रचारक चीनमध्ये हिंडत होता. आमॉय येथील मिशन शाळेत त्याने मुलींना येशूची गोष्ट सांगितली आणि घरी जाऊन ती सांगा असे म्हटले. 'व्हाइट जेड' ह्या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या एका मुलीने तसे केले. बापाने तिला मारून घराबाहेर काढले. शाळेच्या टेना हुल्केबूर बाईंनी ती रडती पोर पिअर्सच्या हाती दिली आणि विचारले, आता हिचे तुम्ही काय करणार? बाईंच्या पदरी आधीच आणखी पोरकी मुले होती. पिअर्सने खिशातले उरलेसुरले पाच डॉलर दिले आणि दरमहा तेवढेच पाठवण्याचे कबूल केले.

ह्या कथेतले मर्म मला त्या पाच डॉलरांत दिसत नाही, बाईंच्या प्रश्नात दिसते. उपदेश करून पुढच्या गावाला निघालेल्या माणसाला त्यांनी परिणामापाशी उभे केले. १९५० साली पिअर्सने 'वर्ल्ड व्हिजन' स्थापन केली आणि १९५३ साली कोरियन युद्धातील अनाथांसाठी मुले दत्तक पोसण्याची योजना सुरू झाली. १९५२ साली कोरियात गेलेल्या एव्हरेट स्वॉन्सनच्या कार्यातून 'कंपॅशन' उभी राहिली. अमेरिकेतल्या एखाद्या घरी मुलाचे छायाचित्र यायचे, दरमहा ठरावीक रक्कम जायची, पत्रे भाषांतर होऊन इकडून तिकडे जायची. भुकेल्याला दिलेले ख्रिस्ताला पोचते, ह्या शिकवणीला त्या छायाचित्राने एक चेहरा दिला.

परंतु ह्या करुणेची किंमत कोणीतरी घरातही मोजत होते. परदेशातली देवाची कोकरे मी सांभाळीन, माझी देव सांभाळील, असा पिअर्सचा जणू करार होता. १९६७ साली तो स्वतःच्याच संस्थेतून बाहेर पडला. १९६८ साली आशियाच्या दौऱ्यावर असताना थोरल्या मुलीने त्याला घरी बोलावले. तो परतला नाही. त्याच वर्षी तिने आपले जीवन संपवले. त्याच्या दुसऱ्या मुलीने पुढे हे सारे पुस्तकात लिहिले, आणि तेही बापावरचे प्रेम न सोडता.

ह्यावरून दानाचा धिक्कार करावा असे मला वाटत नाही. भारतासह सहा देशांतील 'कंपॅशन'च्या मुलांचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. आधार मिळालेली मुले सरासरी एक ते दीड वर्ष अधिक शिकल्याचे त्यात दिसले. एवढे शिक्षण म्हणजे काय, हे वार लावून शिकलेल्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. पुढे परदेशी पैशाच्या परवानगीवरून वाद झाला आणि २०१७ च्या मार्चमध्ये 'कंपॅशन'ने भारतातले काम थांबवले. त्या वेळी तिच्या आधाराने शिकणारी मुले १ लाख ४५ हजार होती. १८९३ चाच वाद, फक्त आकडा मोठा. त्यात सरकारचीही एक बाजू आहे आणि संस्थेचीही. मुलांना मात्र बाजू नव्हती, फक्त एक दिवस पत्रे यायची थांबली.

वडील म्हणत, बुधवारच्या घरची काकू वाढताना तोंडाकडे पाहत नसे, दुसरीकडे पाहत विचारायची, अजून भात हवा का रे? त्या घरी ते पोटभर जेवत.