नहर, हौद आणि मे महिन्याची पाळी

आमच्या शाळेच्या मागे थोडी मोकळी जागा आहे. काही वर्षांपूर्वी जुलैत आम्ही तिथे सत्तावीस रोपं लावली. कडुलिंब, करंज, शेवगा, सीताफळ, लिंबू, कढीपत्ता आणि मुलींच्या हट्टासाठी मेंदीची दोन. फोटो निघाले, भाषणं झाली. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आठ जिवंत होती.

औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) जो राहिला आहे त्याला याचं आश्चर्य वाटणार नाही. इथे नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं आणि त्या दिवशी सगळी गल्ली कामधंदा सोडून घरी थांबते. आम्ही झाडांना पाणी घालायचो तेव्हा शेजारच्या एक खाला भिंतीपलीकडून म्हणायच्या, "पीने कू पानी नइं, अन् ये झाडां कू नहलारे!" त्यांचं चुकत होतं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही आणि आजही म्हणवत नाही. ज्या घरात टँकरचं पाणी विकत येतं, त्या घरासमोर रोपाला बादली ओतणं हे दिसायला वाईटच दिसतं.

त्या वर्षी मी सातवीच्या मुलांना पाणचक्की दाखवायला नेलं होतं. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. इतिहास माझा विषय नाही, पण या गावात भाषा शिकवायची म्हटली तरी इतिहास पायात येतोच. पाणचक्कीच्या लांबलचक हौदाकडे बोट दाखवून मी म्हटलं, "हा हौज." एका मुलाने विचारलं, "आपा, मराठीत काय?" "हौद." तो हसला, "वही तो है!" मग परतीच्या वाटेवर हा खेळच झाला. बाग, बगीचा, कारंज्याचा फवारा, गुलाब, कलम. शेवटी शेतातले दोन शब्द निघाले, बागाईत आणि जिराईत. विहिरीच्या किंवा पाटाच्या पाण्यावरची जमीन बागाईत, पावसाच्या भरवशावरची जिराईत. मराठवाड्यातला अडाणी शेतकरीसुद्धा दिवसातून दहा वेळा बोलतो ते हे शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत. जमिनीची पाहणी करून, प्रतवारी ठरवून, प्रत्यक्ष पिकावर सारा घेण्याची पद्धत दख्खनेत ज्याच्या नावाने ओळखली जाते, त्यानेच आमचं शहर वसवलं आणि शहराला पाणीही आणलं.

मलिक अंबर. जन्म 1548च्या सुमाराचा, हबशी मुलखातला, मूळ नाव चापू. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादच्या मालकाकडे राहिला आणि हातोहात विकला जात दख्खनेत आला. इथे त्याला विकत घेणारा चंगेजखान हा निजामशाहीचा पेशवा होता आणि तोही हबशीच. पुढे हाच गुलाम निजामशाहीचा कर्ता झाला. 1610 मध्ये त्याने खडकी हे गाव राजधानीसाठी निवडलं. नावातच सगळं आलं, खडकाळ जागा. खाम नदी आहे, पण ती पावसाळ्यापुरती. सैन्य, कारागीर, व्यापारी, त्यांची जनावरं यांना बारमाही पाजेल एवढं पाणी तिथे डोळ्यांना दिसत नव्हतं.

दिसत नव्हतं, पण होतं. शहराच्या उत्तरेला हर्सूलच्या बाजूला डोंगर आहेत. पावसाचं पाणी त्यांच्या पोटात मुरतं आणि हळूहळू खाली झिरपतं. मलिक अंबरने जमिनीखालून बोगद्यासारखा बांधीव मार्ग काढला. त्याच्या भिंतींतून आजूबाजूचं झिरपणारं पाणी आत येई आणि नुसत्या उतारावर गावाकडे चालू लागे. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. ठरावीक अंतरावर वर उघडणारी तोंडं, म्हणजे माणसाने आत उतरून गाळ काढावा. गावात शिरल्यावर हे पाणी भाजक्या मातीच्या नळांतून हौदांत जाई. पुण्याच्या वाचकांना कात्रजच्या नळाचे उच्छ्वास माहीत असतील. तो नळ अठराव्या शतकातला, पेशव्यांचा. आमची नहर-ए-अंबरी त्याच्या सव्वाशे वर्षांहून आधीची, 1617च्या सुमाराची.

ते साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. आदल्याच वर्षी, 1616 मध्ये, मुघल फौजेने खडकी लुटून जाळली होती. राजधानीची राख झाल्यावर एखाद्याने आधी तट उभारला असता. याने नहर खणली. जमिनीखालचं पाणी शत्रूला जाळता येत नाही, हाही हिशेब त्यात असेल असं मला वाटतं. पाण्याचं बळ तो ओळखून होता. 1624च्या भातवडीच्या लढाईत त्याने तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या छावणीचा चिखल करून टाकला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले होते.

ही विद्या त्याची एकट्याची नव्हती. इराणकडची कारेझ बहमनी काळातच बीदरला पोचली होती. आणि गंमत पाहा, मलिक अंबराविरुद्ध लढणारा मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखाना बुऱ्हाणपूरला होता आणि तिथलं भूमिगत पाणी, कुंडी भंडारा, 1615च्या सुमाराला त्याच्याच काळात झालं. तोच हा रहीम, ज्याचे दोहे आपण शाळेत पाठ केले. रणांगणात समोरासमोर उभे असलेले दोघे आपापल्या गावात पाण्यासाठी एकच युक्ती करत होते.

नंतर गावात आणखी नहरी झाल्या. बेगमपुऱ्यात थत्ते हौद आहे. नाव ऐकूनच कळावं की हे पाणी कुण्या एका जमातीचं नव्हतं. पाणचक्कीला वेगळी नहर आली. बुखाऱ्याकडून आलेल्या बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सूफींची ती खानकाह. तिथे पाणी उंचावरून पात्यांवर पडतं, जातं फिरतं आणि त्यावर खानकाहतल्या विद्यार्थ्यांचं, वाटसरूंचं, फकिरांचं पीठ निघे. दळून झालेलं पाणी हौदात, हौदातून जास्तीचं खाम नदीत. हौदाच्या तळाशी दालन आहे, म्हणजे हौदाचा तळ हेच त्या दालनाचं छत. भर उन्हाळ्यात तिथे उतरलं की अंगावर शिरशिरी येते. तेच पाणी दळण करी, गारवा देई आणि पुढे जाई. एका पाण्याची इतकी कामं करून घेणारी माणसं कंजूष नव्हती, हिशेबी होती.

इथे एक गोष्ट बोलायला हवी, नाहीतर आमचे काही लोक अशा लेखावर 'हमारा सुनहरा दौर' लिहून मोकळे होतात. नहरीचं पाणी महालांना, सरदारांच्या हवेल्यांना, मकबऱ्याच्या बागेलाही जात होतं, आणि कारंजी काही गरिबांच्या अंगणात उडत नव्हती. बावन्न पुऱ्यांचं हे गाव बागांचं होतं खरं, पण खालांची तक्रार तेव्हाही कुणीतरी करत असेलच. हिमायत बागेसारख्या जागा उरल्या त्याला कारण वैभव नाही. तिथे राखणारं कुणीतरी कायम राहिलं, हे आहे. आज त्या बागेत कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे.

नहरी कशा गेल्या? आम्ही पटकन म्हणतो, पाऊस कमी झाला. पण मराठवाड्याचा पाऊस चारशे वर्षांपूर्वीही असाच लहरी होता. जायकवाडी 1976 मध्ये पुरी झाली, पैठणहून पंपाने पाणी शहरात येऊ लागलं आणि नहरीत उतरून गाळ काढण्याची गरज कुणाला वाटेना. मार्गावर घरं झाली, रस्त्यासाठी नळ फुटले, बोअर खोल गेले, गटाराचं पाणी आत शिरलं. बारमाही चाललेली व्यवस्था निगा थांबली म्हणून थांबली.

हे वाचताना मला आमची एकोणीस रोपं आठवली. मी वही काढली. एप्रिलपर्यंत रोज कोण पाणी घालतं ते लिहिलेलं होतं. मे महिन्याचं पान कोरं. सुट्टीत कुणाची पाळीच लावली नव्हती, आणि ती लावायचं काम माझं होतं. वर्षभर मी टंचाईला आणि महापालिकेला बोल लावत फिरत होते.

मग दोन गोष्टी केल्या. शेजारच्या मशिदीत वजूचं पाणी गटारात जात होतं. त्यात साबण नसतो, झाडांना ते चालतं. मुलांनी मापून पाहिलं: नळ सोडून वजू केली तर एका माणसाला चार-पाच लिटर, लोट्याने केली तर लिटर-दीड लिटर. (हे आकडे सांगितल्यावर मशिदीत पाणी कमी वापरलं जाऊ लागलं आणि आमच्या झाडांचं नुकसान झालं, तो भाग वेगळा.) इमामसाहेबांनी कमिटीला विचारलं, प्लंबरने वीस फूट पाइप टाकला, पाणी आमच्या टाकीत येऊ लागलं. खालांना मी ती टाकी दाखवली. त्या दिवसापासून त्या तांदूळ धुतलेलं पाणीही भिंतीवरून देतात. दुसरं म्हणजे, प्रत्येक रोपाशेजारी कच्च्या भाजणीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं. भरलं की दोन-तीन दिवस मुळांशी पाझरत राहतं. वर पालापाचोळा.

आणि पाळी. इराणात कारेझचं पाणी वाटणाऱ्याला मीराब म्हणतात. आपल्याकडे धुळ्याच्या फड पद्धतीत पाणी देणारा पाटकरी असतो. मी दोन्ही शब्द फळ्यावर लिहिले आणि मुलांना म्हटलं, काय व्हायचं ते निवडा. मुलांनी भांडून पाटकरी घेतलं, मुली मीराब झाल्या. यादी वर्गाच्या दारावर आहे, उजवीकडून उर्दूत आणि डावीकडून मराठीत, नावं मधे येऊन आदळतात.

आज तेवीस झाडं आहेत. शेवग्याच्या शेंगा दोनदा घरोघर गेल्या. गेल्या आठवड्यात पाइप तुंबला होता. आठवीतल्या दोघांनी तार घालून साफ केला आणि दिवसभर कुणाला जवळ येऊ दिलं नाही, इतके ते घाणेरडे झाले होते.

या मे महिन्याच्या यादीत 12 ते 18 तारखेचा रकाना अजून रिकामा आहे, त्या आठवड्यात गल्लीत दोन लग्नं आहेत. तिथे मी माझं नाव लिहिलंय. टाकीची किल्ली मुअज्जिनसाहेबांकडे असते.