ओझोनचं छिद्र उपग्रहाला आधीच दिसलं होतं का?

ही गोष्ट तुम्ही कुठे ना कुठे ऐकली असेल: अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र नासाच्या उपग्रहाला आधीच दिसलं होतं, पण संगणकाने ते आकडे चुकीचे समजून फेकून दिले. गोष्ट चटकदार आहे, पण अर्धीच खरी. पूर्ण गोष्ट आपल्या जास्त कामाची आहे.

निंबस-७ उपग्रह ऑक्टोबर १९७८ मध्ये सुटला. त्यावरचं टॉम्स हे उपकरण वातावरणातून परत येणारे अतिनील किरण मोजायचं आणि त्यावरून ओझोनचं एकूण प्रमाण काढलं जायचं. हे प्रमाण डॉब्सन एककात सांगतात. साधारण ३०० म्हणजे नेहमीचं. १८० च्या खालचा आकडा आला की त्यावर शंकेची खूण व्हायची, कारण इतका कमी ओझोन तोवर कुणी पाहिलाच नव्हता. लक्षात घ्या, खूण व्हायची. आकडा पुसला जात नव्हता.

१९८४ मध्ये पवन भारतिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की ऑक्टोबर १९८३ च्या डेटात या खुणा एकदम वाढल्यात, त्याही अंटार्क्टिकावर. त्यांनी दक्षिण ध्रुवावरच्या केंद्राशी आकडे ताडून पाहिले. तिथे चक्क ३०० च्या आसपास! आता खरं कोण? पुढे कळलं, की चूक जमिनीवरच्या नोंदीत होती. पण तोवर वेळ गेलाच.

दरम्यान हॅली बे इथे ब्रिटिश शास्त्रज्ञ १९५० च्या दशकापासून डॉब्सनच्या यंत्राने त्याच जागी ओझोन मोजत होते. फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांचा निबंध मे १९८५ मध्ये 'नेचर'मध्ये आला: ऑक्टोबरमधला ओझोन ३०० वरून जवळपास २०० वर घसरला होता. मग टॉम्सच्या नकाशांनी दाखवलं, की ही घसरण एका केंद्रापुरती नाही, तर जवळजवळ सगळ्या खंडावर आहे. सप्टेंबर १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला.

म्हणजे बघा, हॅलीकडे वर्षानुवर्षांची नोंद होती, पण एकाच जागेची. उपग्रहाकडे विस्तार होता, पण त्याला दुजोरा हवा होता. दोन्ही लागले.

तुम्हीही उद्या डेटा गाळायला मर्यादा लावालच, लावावीच लागते. फक्त दोन गोष्टी वहीत लिहून ठेवा: ती मर्यादा कशाच्या आधारावर ठरवली, आणि खूण पडलेले आकडे कोण, कधी बघणार. शिवाय ज्या मोजणीशी तुम्ही आपले आकडे ताडून बघताय, तीही एकदा तपासा.