एर्यो, एद्वार

(५ जुलै १८७२–२६ मार्च १९५७). फ्रेंच राजकारणी, साहित्यिक व लीआँ (ल्यों) शहराचा सु. ४७ वर्षे महापौर. जन्म त्र्वा येथे एका लष्करी अधिकाऱ्याच्या कुटुंबात. पॅरिसच्या ‘एकोल नॉर्माल स्यूपेरियर’ या संस्थेत शिक्षण घेऊन तो लीआँमध्ये साहित्याचा अध्यापक झाला. मादाम रेकाम्ये व तिचे मित्रमंडळ यांवरील त्याचा प्रबंध १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. द्रेफ्यूस प्रकरणाने त्याला राजकारणात ओढले. पुढे तो रॅडिकल पक्षाचा प्रमुख नेता बनला.

तत्कालीन महापौर व्हिक्तॉर ओगान्यर याची मादागास्करवर नेमणूक झाल्याने १९०५ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, एर्यो महापौर झाला. फ्रान्समध्ये महापौर हा नगरपालिकेचा कार्यकारी प्रमुख असतो. शिवाय त्या काळी हे पद सांभाळून संसदेत व मंत्रिमंडळातही जाता येई. या सवलतीचा एर्योने पुरेपूर लाभ घेतला. वास्तुविशारद टोनी गार्न्ये याच्याकडे त्याने शहराची मोठी कामे सोपविली. नवा कत्तलखाना व गुरांचा बाजार, झेर्लांचे क्रीडागार, कामगारांसाठी ‘एताझ्यूनी’ ही वसाहत आणि स्वतंत्र इमारतींत विभागलेले ग्रांज-ब्लांश रुग्णालय (१९३३) ही त्यांपैकी प्रमुख होत. या रुग्णालयास पुढे एर्योचेच नाव देण्यात आले.

तो तीनदा पंतप्रधान झाला (१९२४–२५, १९२६, १९३२). रुरमधून फ्रेंच सैन्य काढून घेण्यास संमती व सोव्हिएट रशियाला मान्यता हे त्याच्या पहिल्या मंत्रिमंडळाचे महत्त्वाचे निर्णय. आर्थिक अडचणींमुळे ते कोसळले. दुसरे तर अवघे तीन दिवस टिकले. अमेरिकेचे युद्धकर्ज फेडण्याचा आग्रह संसदेने फेटाळल्याने तिसरे गेले. १९३३ मध्ये युक्रेनचा दौरा करून त्याने तेथे दुष्काळ नसल्याचे सांगितले. हा त्याच्या कारकीर्दीवरील मोठा डाग होय.

जुलै १९४० मध्ये मार्शल पेतँ यास सर्वाधिकार देण्याच्या ठरावावर, प्रतिनिधिगृहाचा अध्यक्ष असूनही, तो तटस्थ राहिला. ८० सदस्यांनी मात्र विरोधी मत नोंदविले. तरीही व्हिशी सरकारने त्याच वर्षी त्याला महापौरपदावरून दूर केले. नाझींच्या बाजूने लढणाऱ्या फ्रेंचांना ‘लेजिआँ दॉनर’ हा सन्मान दिला जाऊ लागताच १९४२ मध्ये त्याने स्वतःचा सन्मान परत केला. त्यानंतर त्याला स्थानबद्ध करण्यात आले व १९४४ मध्ये जर्मनीत नेण्यात आले. एप्रिल १९४५ मध्ये रशियन सैन्याने त्याची मुक्तता केली. लीआँने त्याला पुन्हा महापौर निवडले व मृत्यूपर्यंत तो त्या पदावर होता. तो राष्ट्रीय सभेचा अध्यक्ष (१९४७–५४) व फ्रेंच अकादमीचा सदस्यही होता. लीआँजवळ त्याचे निधन झाले.

पंतप्रधान म्हणून एर्योला एकूण दीड वर्षही लाभले नाही. राष्ट्रीय राजकारणात वक्तृत्वावर विसंबणारा व निर्णायक क्षणी कचरणारा हा नेता नगरप्रशासनात मात्र चिकाटीचा ठरला. रुग्णालयासारख्या कामाला संकल्पनेपासून पूर्ततेपर्यंत दोन दशके लागतात. त्यांसाठी आवश्यक असलेले सातत्य त्या काळच्या अल्पजीवी फ्रेंच मंत्रिमंडळांना नव्हे, तर लीआँच्या नगरपालिकेलाच साधले.