आडनावाचा उगम कसा शोधावा?

मत्तयकृत शुभवर्तमानाचा आरंभ प्रभू येशूच्या वंशावळीने होतो. पूर्वजांचे स्मरण ख्रिस्ती श्रद्धेला परके नाही.

नांदेड व लातूर जिल्ह्यांत देगलूरकर, कंधारकर, उदगीरकर, निलंगेकर अशी ग्रामवाचक आडनावे आढळतात. गाव सोडून आलेल्या माणसाला लोक त्याच्या मूळ गावावरून ओळखत. म्हणून असे आडनाव बहुधा घराण्याने सोडलेले गाव सांगते. रक्ताचे नाते सांगतेच असे नाही.

शोधाचा आरंभ घरातील वडीलधाऱ्यांपासून करावा. त्यानंतर धर्मग्रामातील बाप्तिस्म्याची नोंदवही पाहावी. १९८३ च्या धर्मसंहितेच्या कलम ८७७ नुसार तीत आईवडील, धर्ममातापिता, जन्माचे ठिकाण व दिनांक यांची नोंद करावी लागते.

त्यामागील पिढ्यांसाठी महसुली दप्तर उपयोगी पडते. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने जुने कागद उर्दूत किंवा मोडीत असू शकतात. १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रकही पाहावे. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी निर्माण झाला. त्यापूर्वीच्या कागदांवर उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्याचे, तर उदगीर व निलंगा भागाच्या १९५६ पूर्वीच्या कागदांवर बीदर जिल्ह्याचे नाव असते.

मात्र भूमिहीन पूर्वजांची नावे जमिनीच्या कागदांत सहसा सापडत नाहीत. अशा कुटुंबांसाठी शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही आणि बाप्तिस्म्याची नोंद हाच मोठा आधार होय. कित्येकदा पूर्वजाचे नाव प्रथम लिहिले गेले ते चर्चच्या वहीतच. म्हणूनच जुन्या नोंदवह्या काळजीपूर्वक जतन कराव्यात, असे कलम ५३५ सांगते.