मानशीची सुंगटं
मिरची गोव्यात आली ती पोर्तुगिजांच्या काळात, 1510 नंतर, मूळची अमेरिकेतली. त्याआधी आमच्या किनाऱ्यावर तिखट म्हणजे मिरी. निखाऱ्यावरच्या लालभडक सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, तो लाल रंग असा पाचेक शतकांचाच. ज्या खाजणांतून, खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांतून, सुंगटं येतात ती मात्र पोर्तुगिजांच्या कितीतरी आधीची. म्हणून भाजलेल्या सुंगटांची कृती कुणी विचारली की मी खाजणापासून सुरुवात करते.

मांडवी आणि जुवारीच्या काठी गावकरीने, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या मंडळाने, चिखल, पेंढा आणि चिरे घालून बांध उभारले आणि खाऱ्या पाण्याच्या तावडीतून शेतं सोडवली. बांधात मानस बसवलेली असते, लाकडी दारांची. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तेव्हा दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी रेटतं तेव्हा उघडतं. दाराशी कुणी उभं राहायला नको. पावसात आत कोरगुटाचं भात पिकायचं, खारं सोसणारं. कापणी झाली की मोजून खारं पाणी आत घ्यायचे आणि त्याबरोबर सुंगटांची बारीक पिल्लं यायची. ती आत पोसली जात. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला, रात्री, मानशीच्या तोंडाला पिशवीसारखं जाळं लावलं की सुंगटं पाण्यासोबत त्यात उतरत. हा मासेमारीचा हक्क गावकरी पावणीत, म्हणजे लिलावात, देई आणि त्या पैशाचा बांधाच्या डागडुजीला हातभार लागे. भात आणि सुंगटं एकाच बांधावर जगत होती. 1526 साली पोर्तुगीज अधिकारी अफोंसु मेशियाने गावकरीच्या रूढी फोराल नावाच्या सनदेत लिहून काढल्या, तेव्हा ही गावव्यवस्था नवी नव्हती. राज्यकर्त्यांनी ती फक्त कागदावर आणली.

गोवा मुक्तीनंतर 1964 च्या कूळ कायद्याने जमीन कसणाऱ्याला हक्क मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. पण बांध राखणाऱ्या गावकरीचा हात सुटला तो सुटलाच. कोळंबीला चांगला भाव आला तसा मानशीचा ठेका घेणाऱ्याला भातापेक्षा खारं पाणी प्यारं झालं. दारं हवी तेव्हा उघडी राहू लागली, बांध फुटू लागले. आमच्या वाटणीच्या शेतातही असंच पाणी शिरलं आणि पुढे तिथे भात उगवलं नाही. 11 डिसेंबर 1996 ला सर्वोच्च न्यायालयाने किनारपट्टी नियमन क्षेत्रात कोळंबीची पारंपरिक नसलेली तळी बंद करायला सांगितली. बुडालेली शेतं त्याने कोरडी झाली नाहीत. याचा मला अजून राग येतो.

मानशीची सुंगटं लहान, पातळ सालीची आणि गोडसर. त्यांना मसाला जपून लावावा. आई सुक्या मिरच्या चिंचेच्या कोळात भिजवायची. शेजारच्या ख्रिस्ती आंटी माडाच्या सुरेच्या व्हिनिगरात भिजवायच्या, म्हणून त्यांच्या मसाल्याचा वास नाकात आधी शिरे. लसूण, आलं, जिरं, मिरी, हळद, दालचिनीचा तुकडा, चिमटीभर गूळ. दोघींच्याही मसाल्यात मिरी राहिली, मिरची आल्यावरही. जुन्या तिखटाने आपली जागा सोडली नाही. सगळं रगड्यावर इतकं बारीक वाटायचं की बोटांना कण लागू नये, कारण जाड कण आधी करपतो.

साल काढायची नाही. पाठीवर चीर देऊन काळा दोरा ओढायचा, मसाला त्या चिरेत चोळायचा आणि भिजवलेल्या माडाच्या हिरात सुंगटं ओवायची. निखारे करवंट्यांचे. लाल असताना आई मला हात लावू देत नसे. "राख धरू दे गो," म्हणायची. राखेचा पांढरा थर आला की जाळी ठेवायची. एक बाजू झाली की परतायची. साल गुलाबी होऊन शेपूट आत वळलं की लगेच उतरवायची. थोडा जरी उशीर झाला तरी मांस चिवट होतं आणि गूळ करपून कडू लागतो. सोबत कोरगुटाची पेज, मिळाली तर.