एका ‘रन’ची अरबी बिऱ्हाडं

कैरोत १९१३ साली इलियास अंतून इलियास यांचा इंग्रजी-अरबी कोश निघाला. पुढे १९६७ मध्ये बैरूतहून मुनीर बअलबकी यांचा ‘अल-मौरिद’ आला. बअलबकी स्वतः मुरलेले भाषांतरकार. ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ त्यांनी अरबीत आणली होती. कुठे घोडं अडतं हे त्यांना पक्कं ठाऊक असणार.

अडतं ते साध्यासुध्या क्रियापदांपाशी. ‘रन’ घ्या. माणूस धावला तर ‘यर्कुद’, नदी वाहिली तर ‘यज्री’, नाक गळू लागलं तर ‘यसील’. निवडणुकीला उभं राहायचं तर ‘यतरश्शह’. कारखाना चालवायचा? मग ‘युदीर’.

हे शेवटचं मोठं मजेदार. ‘दारा’ म्हणजे फिरला. त्याच धातूला ‘अ’ जोडून ‘अदारा’ होतं: फिरवला, चालवला. त्यावरूनच व्यवस्थापक झाला ‘मुदीर’. इंग्रजी जुन्याच शब्दावर नवा अर्थ चढवते, तिथे अरबी बहुधा धातूचा साचा बदलून मोकळी होते.

अर्थात अरबीही काही साधीभोळी नव्हे. ‘दरबा’ म्हणजे मारलं. पण उदाहरण द्यायलाही तेच क्रियापद लागतं आणि गणितात गुणाकार करायलाही तेच.